दादाचं नवं हृदय, पायातली गुठळी आणि कमी प्लेटलेट

गोदाकाठची (सोमवार, रात्री १०:४२)

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात माझा पहिलाच धागा. लांबलाय, सांभाळून घ्या.

माझा थोरला भाऊ, वय ४४. डायलेटेड कार्डिओमायोपथी. हृदय फुगत गेलं, पंपिंग १५ टक्क्यांवर आलं आणि सव्वा वर्षापूर्वी त्याला एका अनोळखी माणसाचं हृदय मिळालं. त्या घरच्यांचं नाव-गाव आम्हाला माहीत नाही. दर महिन्याच्या त्या तारखेला आई देवापाशी एक जास्तीचं निरांजन लावते, तेवढंच.

औषधांचं खातं माझ्याकडे. वहिनी शिक्षिका, सकाळी सातला घराबाहेर पडते. त्यामुळे सकाळी आठ आणि रात्री आठचा गजर, डबीचे कप्पे, रिपोर्टांची फाइल, सगळं मी बघते. नवं हृदय नाकारलं जाऊ नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन, शिवाय अ‍ॅस्पिरिन ७५, स्टॅटिन, बीपीची गोळी. दिवाळीनंतर क्रिएटिनिन १.९ झालं. टॅक्रोलिमसचा किडनीवर ताण येतोय म्हणून त्याचा डोस कमी केला आणि मायकोफेनोलेटच्या जागी एव्हरोलिमस आलं.

सात आठवड्यांनी डावा पाय सुजला. पोटरी टणक, चपलेचा पट्टा रुतायला लागला. फोन केला तर पलीकडून सांगितलं की नव्या गोळीने सूज येतेच, पाय उशीवर ठेवा. ठेवला चार दिवस. पाचव्या दिवशी आईच्या शिवणकामाच्या टेपने मी दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी साडेतीन सेंटीमीटरने जाड! तशीच गाडी काढली. डॉपलर सोनोग्राफीत गुडघ्यामागच्या शिरेपासून मांडीपर्यंत डीव्हीटी, म्हणजे खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली.

घरी कुणीतरी आईला सांगितलं, "पायात गाठ निघालीय." ती रात्रभर जागी. सकाळी मला ओट्यापाशी गाठून हळूच विचारते, "कॅन्सरची आहे का गं?" तेव्हापासून आमच्या घरात 'गाठ' हा शब्द बंद. गुठळी म्हणायचं.

गुठळीवरचं औषध अपिक्सबॅन सुरू होऊन सहा दिवस झाले, सूज उतरतेय. पण रिपोर्टात प्लेटलेट १ लाख ८ हजार. प्लेटलेट कमी झाल्या की रक्तस्राव होतो एवढं डेंग्यूमुळे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मग कमी प्लेटलेट असताना गुठळी झाली कशी? हृदय नाकारलं जाऊ नये म्हणून घ्यायच्या या गोळ्या रक्त घट्ट करतात की पातळ? डॉक्टर भले आहेत, पण ओपीडीत पाच मिनिटं मिळतात आणि त्यात मी निम्मे प्रश्न विसरते.

रानजाई (सोमवार, रात्री ११:०५)

बापरे. टेपने मोजायचं सुचलं हे फार बरं झालं, ताई. माहिती शून्य, त्यामुळे नुसतीच बसते इथे. वाखूसा (वाचनखूण साठवली).

आयुर्मित्र (सोमवार, रात्री ११:३१)

रक्त नैसर्गिकरीत्या पातळ ठेवायला रोज सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या आणि गुळवेलीचा काढा. गुळवेलीने प्रतिकारशक्तीही वाढेल. आमच्या काकांना गुण आला.

मिरजेचा_केमिस्ट (सोमवार, रात्री ११:४४)

आयुर्मित्र, तुमच्या काकांना हृदय कुणाचं बसवलं होतं?

अहो, या माणसाची प्रतिकारशक्ती खाली ठेवायला महिन्याला हजारो रुपयांच्या गोळ्या चालल्या आहेत आणि तुम्ही ती वाढवायचा काढा सांगताय. ती वाढली की पहिला हल्ला नव्या हृदयावर. लसूण फोडणीत घाला खुशाल, औषध म्हणून नको, रक्त न गोठण्याचं औषध सुरू आहे. संपादक, तो प्रतिसाद उडवला तर बरं.

भिंगवाला (मंगळवार, सकाळी ६:५०)

गोदाकाठच्या ताई, मी पॅथॉलॉजिस्ट. माझा रुग्णाशी संबंध काचेच्या पट्टीपुरता, तेव्हा डोसबिस मला विचारू नका. पण प्रश्न माझ्या आवडीचा आहे म्हणून सकाळचा चहा बाजूला ठेवून लिहितोय.

'घट्ट' आणि 'पातळ' हे शब्द आधी सोडून द्या. रक्त म्हणजे आमटी नव्हे. अपिक्सबॅनने रक्त पाणीदार होत नाही. गोठण्याच्या साखळीत दहावा घटक असतो, त्याचं काम ते अडवतं, बस्स. प्लेटलेट हे एक खातं, गोठण घटक हे दुसरं आणि रक्तवाहिनीचं आतलं अस्तर हे तिसरं. पहिल्या खात्यात माणसं कमी आणि त्याच वेळी बाकीच्या दोघांचा कारभार जोरात, असं सर्रास होतं. शिवाय १ लाख ८ हजार हा आकडा घाबरण्याचा नाही. दीड लाख ही खालची रेघ खरी, पण आपसूक रक्त वाहण्याची भीती २० हजारांच्या आत. अपिक्सबॅनसारखं औषध चालू असेल तर ५० हजारांच्या खाली गेल्यावर डॉक्टर फेरविचार करतात.

आता गोळ्या. टॅक्रोलिमस आणि त्याचं थोरलं भावंड सायक्लोस्पोरीन, दोन्ही प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींमधलं कॅल्सिन्युरिन नावाचं विकर अडवतात. ते हवंच असतं. पण या औषधांचा जाच रक्तवाहिनीच्या अस्तरालाही होतो. धडधाकट अस्तर सतत प्रोस्टासायक्लिन सोडत असतं, म्हणजे प्लेटलेटांना 'इथे बसू नका, पुढे चला' असं सांगत असतं. सायक्लोस्पोरीनने ते कमी होतं आणि थ्रॉम्बॉक्सेन, एंडोथेलिन वाढतात. वाहिनी आकसते, प्लेटलेट चिडक्या होतात. टॅक्रोलिमस त्याच वळणाचं, जरा सौम्य. प्रेडनिसोलोन आठवा घटक वाढवतं आणि पीएआय-१ नावाचं एक प्रथिनही. शरीर आपली गुठळी आपणच विरघळवत असतं, त्या कामात हे प्रथिन खोडा घालतं. मायकोफेनोलेटवर गुठळीचा आळ फारसा नाही. ते अस्थिमज्जा दाबतं, पेशी कमी होतात.

आणि एव्हरोलिमस. हे दोन्ही डगरींवर हात ठेवून आहे. मज्जेत प्लेटलेट कमी तयार होतात, म्हणून तुमचा आकडा खाली. त्याच वेळी अस्तराच्या पेशींत टिश्यू फॅक्टर वाढतो, म्हणजे गोठण्याची पहिली ठिणगी. शिवाय दुखावलेलं अस्तर भरून यायला वेळ लागतो, कारण पेशींची वाढ रोखणं हेच तर या औषधाचं काम. हृदय प्रत्यारोपण झालेल्यांच्या स्पेनमधल्या एका पाहणीत एव्हरोलिमस ज्या गटातलं, त्या एमटॉर गटातली औषधं घेणाऱ्यांना शिरेतल्या गुठळ्या जास्त झालेल्या दिसल्या.

मग देतात कशाला? कारण टॅक्रोलिमस कमी करून किडनी वाचवता येते. आणि नव्या हृदयाच्या धमन्यांचं अस्तर वर्षानुवर्षं जाड होत जातं, त्याला एव्हरोलिमस आवर घालतं. तो आजार प्रत्यारोपणाइतकाच जुना आहे. माणसाचं हृदय माणसाला पहिल्यांदा बसवणारे डॉ. बर्नार्ड, त्यांचा केपटाउनमधला दुसरा रुग्ण, फिलिप ब्लायबर्ग, जानेवारी १९६८च्या शस्त्रक्रियेनंतर १९ महिने जगला. शवविच्छेदनात त्याला बसवलेल्या तरुण हृदयाच्या धमन्या म्हाताऱ्यासारख्या बुजलेल्या निघाल्या. त्यामुळे पाय सुजला म्हणून एव्हरोलिमसला खलनायक ठरवू नका.

आता मला छळणारा प्रश्न. प्लेटलेट कमी आणि गुठळी, हे दोन एकत्र दिसले की आम्ही आधी टीएमए नाही ना ते बघतो, म्हणजे थ्रॉम्बॉटिक मायक्रोअँजिओपथी. अगदी बारीक वाहिन्यांत गुठळ्यांचं जाळं होतं, प्लेटलेट त्यातच खर्ची पडतात आणि त्या जाळ्यातून घुसणाऱ्या लाल पेशी चिरल्या जातात. भिंगाखाली गोल पेशींच्या गर्दीत मधूनच एखादी शिरस्त्राणासारखी, एखादी त्रिकोणी, एखादी दोन शिंगं फुटलेली. अशा पाच-सहा एका नजरेत आल्या की मी पट्टी खाली ठेवून आधी वॉर्डात फोन लावतो, रिपोर्ट मग. टॅक्रोलिमसने हे होऊ शकतं, जोडीला एमटॉर गटाचं औषध असेल तर धोका वाढतो, आणि क्रिएटिनिनही वाढतं. तेव्हा विचारा: स्मिअर, म्हणजे रक्ताची काचपट्टी, भिंगाखाली बघितला का? लाल पेशी फुटताहेत का ते कळायला एलडीएच, हॅप्टोग्लोबिन केलं का?

अजून एक, जरा क्षुल्लक वाटेल असं. रक्त घ्यायच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असतं, रक्त गोठू न देणारं रसायन. काही माणसांच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटून पुंजके करतात. मशीनला पुंजका म्हणजे एकच मोठी पेशी वाटते, आणि आकडा खोटा खाली येतो. निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा मोजायचं. त्यात द्रव जास्त असतो म्हणून आलेल्या आकड्याला १.१ने गुणायचं.

पाय सुजायच्या आधी लांबचा प्रवास झाला होता का? आणि अपिक्सबॅनच्या आधी हेपारिनचं (गुठळीवरचंच) इंजेक्शन दिलं होतं का?

गोदाकाठची (मंगळवार, सकाळी ९:१५)

भिंगवाला सर, प्रिंट काढली. वहिनीनेही वाचली.

हेपारिन नाही, थेट गोळ्या. प्लेटलेट अपिक्सबॅनच्या आधीच कमी होत्या. प्रवास हो! मावसबहिणीच्या लग्नाला नाशिकहून कोल्हापूर, गाडीने, चहाला एकदा थांबून. परत येताना तर तो पूर्ण झोपेत. पाय सुजला त्याच्या पाच-सहा दिवस आधी.

भिंगवाला (मंगळवार, दुपारी १:३०)

हेपारिन नव्हतं हे बरं. त्यानेही प्लेटलेट पडतात आणि गुठळ्या होतात, पण तो विषय मिटला.

प्रवासाचं म्हणाल तर गुठळीची तीन कारणं आजही बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्शो या जुन्या पॅथॉलॉजिस्टच्या नावाने शिकवतात: प्रवाह मंदावला, भिंत दुखावली, रक्ताची गोठण्याची ओढ वाढली. तुमच्या दादांच्या बाबतीत गोळ्यांनी शेवटची दोन पुरवली, पहिलं कोल्हापूरच्या रस्त्याने.

संत्रानगरी (मंगळवार, संध्याकाळी ७:२०)

ताई, मी तुमच्या दादाच्याच पंगतीतला. सहा वर्षं झाली, नागपूर. माझी कथा उलटी आहे म्हणून सांगतो, म्हणजे औषधं एकमेकांत कशी गुंततात ते कळेल.

प्रत्यारोपणाच्या आधी मी एलव्हीएडीवर होतो, म्हणजे छातीत पंप, कमरेला बॅटरी, आणि पंपात गुठळी होऊ नये म्हणून वॉरफेरीन. हृदय मिळालं, पंप निघाला, वॉरफेरीन सुटली. दीड वर्षाने फुप्फुसात गुठळी झाली आणि पुन्हा वॉरफेरीन. तेव्हा मी अ‍ॅझाथायोप्रिनवर होतो, हृदय नाकारलं जाऊ नये म्हणूनच. आयएनआर, म्हणजे वॉरफेरीन किती लागू पडतंय ते सांगणारा आकडा, काही केल्या दोनच्या वर जाईना. डोस वाढवत वाढवत ११ मिलिग्रॅम केला. डॉक्टर विचारायचे, मेथी-पालक खाता का, गोळी चुकते का? मला तर राग यायचा. पुढे कळलं की अ‍ॅझाथायोप्रिन वॉरफेरीनचा जोर मारतं. आणि खरी मजा पुढे. दुसऱ्या कारणासाठी अ‍ॅझाथायोप्रिन बदलून मायकोफेनोलेट दिलं, पण वॉरफेरीनचा ११चा आकडा तसाच राहिला. दहा दिवसांनी दात घासताना बेसिन लाल. आयएनआर साडेसहा! चूक कुणाची त्यात जात नाही, मीही विचारलं नव्हतं.

अजून एक, जे आम्हालाच कळतं. बसवलेल्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात. माझी नाडी सोफ्यावर बसून ९८ असते. त्यामुळे फुप्फुसात गुठळी गेली तेव्हा नाडीवरून काहीच वेगळं वाटलं नाही. एक जिना चढताना दोनदा थांबावं लागलं, तेवढंच. या हृदयाला छातीत दुखून सांगायचीही सवय नाही. दादाला दम लागला तर 'थकला असेल' म्हणू नका.

गोदाकाठची (मंगळवार, रात्री ८:४०)

वाचून अंगावर काटा आला. पुढच्या महिन्यात बायोप्सी आहे, हृदय नाकारलं जात नाही ना ते बघायला. ती अपिक्सबॅन चालू असताना करतात का?

संत्रानगरी (मंगळवार, रात्री ९:०२)

आधी काही काळ थांबवतात. किती आधी ते किडनीवर ठरतं, कारण औषध अंगातून जायला लागणारा वेळ त्यावर. दादाचं क्रिएटिनिन बघता टीमकडून लेखी घ्या, अंदाजाने थांबवू नका. बायोप्सी म्हणजे मानेच्या उजव्या शिरेतून नळी हृदयात जाते, चिमट्याने तिळाएवढे चार-पाच तुकडे काढतात. माझ्या पहिल्या वर्षी त्याच जागी इतक्यांदा टोचलं की शीर बुजलीय की काय म्हणून सोनोग्राफी केली होती. तीही एक गुठळीची जागा, बरं का.

मिरजेचा_केमिस्ट (मंगळवार, रात्री ९:२५)

ताई, गेले दोन दिवस वाचतोय. औषधांची यादी तुम्ही दिलीत ती डबीतली. मला डबीबाहेरची हवी आहे. गेल्या दोन महिन्यांत दादांनी दुसरं काहीही घेतलं? सर्दी-खोकल्याचं, दाताचं, अंगदुखीचं, त्वचेचं? बीपीची गोळी कुठली?

कारण सांगतो. टॅक्रोलिमस, एव्हरोलिमस, अपिक्सबॅन या तिघांचा निचरा मुख्यतः एकाच वाटेने होतो. यकृतात आणि आतड्यात सीवायपी३ए४ नावाचं विकर असतं. ती वाट कुणी अडवली की तिन्ही रक्तात तुंबतात. क्लॅरिथ्रोमायसिन अडवतं. डिल्टियाझेम अडवतं, त्याने अपिक्सबॅन साधारण ४० टक्के वाढतं. ग्रेपफ्रूट अडवतं, आणि आपलं गणपतीतलं पपनस त्याच जातकुळीचं, म्हणून तेही नको. उलट टीबीचं रिफॅम्पिसिन वाट एवढी रुंद करतं की औषध टिकतच नाही आणि हृदय नाकारलं जायची वेळ येते. जुलाब झाले तरी टॅक्रोलिमसची पातळी वर जाते. लोकांना वाटतं उलट होईल.

गोदाकाठची (मंगळवार, रात्री ९:३३)

बीपीला अ‍ॅम्लोडिपिन. बाकी काही नाही. डबी मीच भरते, मला कळलं असतं.

मिरजेचा_केमिस्ट (मंगळवार, रात्री ९:३६)

तीस वर्षं काउंटरवर उभा आहे. 'बाकी काही नाही' हे वाक्य मी रोज ऐकतो. दादांना एकट्याला गाठून विचारा. तुमच्यासमोर किंवा वहिनींसमोर सांगायला लाजतील असं काही.

गोदाकाठची (मंगळवार, रात्री १०:५०)

मंडळी.

नायटा. मांडीच्या सांध्यात. दोन महिने खाजत होतं, बहिणीला काय सांगायचं म्हणून बोलला नाही. ऑफिसजवळच्या एका डॉक्टरने कॅप्सूल दिल्या. पाकीट दाढीच्या सामानाच्या पिशवीत सापडलं. इट्राकोनॅझोल २०० मिलिग्रॅम, रोज एक. कोल्हापूरला जायच्या दोन आठवडे आधीपासून घेतोय. आज सकाळीही घेतली. डॉक्टरला प्रत्यारोपणाचं सांगितलं का विचारलं, तर म्हणे "नायट्याला कशाला सांगायचं?"

डबीवर सव्वा वर्ष मी पहारा देतेय हो.

मिरजेचा_केमिस्ट (मंगळवार, रात्री १०:५४)

ताई, रडू नंतर. ती वाट अडवणाऱ्यांत इट्राकोनॅझोल सगळ्यात जोरकस औषधांपैकी. तिन्ही औषधं वर गेली असणार. त्याचं भावंड केटोकोनॅझोल सोबत दिलं तेव्हा अपिक्सबॅन दुप्पट झाल्याची नोंद आहे, आणि दादांना अ‍ॅस्पिरिनही आहे. प्रत्यारोपण टीमचा चोवीस तासांचा नंबर फाइलवर असेल. आत्ता लावा. 'सकाळी बघू' नको.

आणि स्वतःहून कुठलीही गोळी बंद-चालू करू नका. इट्राकोनॅझोल बंद केल्यावर तुंबलेली वाट हळूहळू मोकळी होते, पातळ्या एक-दोन आठवडे घसरत राहतात. आज भीतीने टॅक्रोलिमस सोडलं आणि पुढच्या आठवड्यात पातळी तळाला गेली, तर ते हृदयाला महागात पडेल. काळी शी, लघवीत रक्त, डोकं दुखणं, काही आहे का बघा आणि तेही फोनवर सांगा.

भिंगवाला (मंगळवार, रात्री ११:१०)

केमिस्ट काकांशी पूर्ण सहमत. जमलं तर ते कॅप्सूलचं पाकीट सोबत न्या. नावात गोंधळ नको.

रानजाई (बुधवार, सकाळी ७:३०)

ताई, काही कळवा.

मॉन्ट्रियलकर (बुधवार, सकाळी ८:१५)

ताईंची वाट बघताना जरा अवांतर. तुमच्या एव्हरोलिमसची आई म्हणजे रॅपामायसिन, आणि ती आमच्या गावात जन्मली. १९६४च्या शेवटी कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम ईस्टर बेटावर गेली, स्थानिक नाव रापा नुई. तिथल्या मातीचे नमुने इथल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आले. त्यातल्या एका जिवाणूने बनवलेला पदार्थ बुरशी मारतो हे आपल्या सुरेंद्रनाथ सेहगल यांनी शोधलं आणि बेटावरून नाव दिलं रॅपामायसिन. पुढे कंपनीने प्रकल्प गुंडाळला, तेव्हा सेहगलांनी जिवाणूचा साठा घरच्या फ्रीझरमध्ये सांभाळून ठेवला. अमेरिकेत घर हलवलं तेव्हा तोही बरोबर नेला. प्रत्यारोपणाचं औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली १९९९ साली.

म्हणजे बघा, निघाले होते बुरशीचं औषध शोधायला. आणि आज त्याच घराण्यातल्या औषधाचं बुरशीच्या दुसऱ्या औषधाशी भांडण लागलंय.

वडिलांच्या स्टेंटवरही हेच होतं, रॅपामायसिनचं दुसरं नाव सिरोलिमस. धमनी पुन्हा भरू नये म्हणून ते लावतात, पण त्यामुळे स्टेंटच्या तारांवर अस्तर चढायला उशीर होतो, आणि उघड्या तारांवर गुठळी नको म्हणून दोन-दोन गोळ्या वर्षभर. भिंगवाला सरांनी अस्तराचं सांगितलं ते मला त्यावरून कळलं.

गोदाकाठची (शुक्रवार, रात्री ९:४८)

आले. उशिराबद्दल माफ करा, आज दुपारी डिस्चार्ज मिळाला.

मंगळवारी रात्रीच फोन केला. त्यांनी ताबडतोब बोलावलं. बुधवारी सकाळी आठची गोळी न देता रक्त घेतलं. एव्हरोलिमसची पातळी १५.२, हवी ३ ते ८. टॅक्रोलिमस १७.४, दादासाठी हवी होती ५ ते ८. क्रिएटिनिन २.३. शीला रक्त तपासलं, नाही. डोकं ठीक.

मी सरांची प्रिंट पुढे केली. वाटलं रागावतील. वरिष्ठ डॉक्टरांनी वाचली, हसल्या आणि म्हणाल्या, "स्मिअर मी स्वतः बघितलाय." चिरलेल्या पेशी नाहीत. एलडीएच, हॅप्टोग्लोबिन दोन्ही ठीक. टीएमए नाही. आणि प्लेटलेटचे पुंजके खरंच होते! निळ्या नळीत मोजून, गुणाकार करून १ लाख ३१ हजार. म्हणजे थोड्या कमी आहेतच, पण पहिल्या आकड्याएवढ्या नाहीत.

इट्राकोनॅझोल बंद, नायट्याला लावायचं मलम दिलंय. एव्हरोलिमस काही दिवस थांबवलं, टॅक्रोलिमस कमी केलं, अपिक्सबॅन तात्पुरतं निम्मं. अ‍ॅस्पिरिन सध्या बंद. पातळ्या घसरत जातील म्हणून दर तिसऱ्या दिवशी रक्त द्यायचंय. गुठळीसाठी किमान तीन महिने औषध, आणि एव्हरोलिमस ठेवायचं की पुन्हा मायकोफेनोलेटवर जायचं ते बायोप्सीनंतर ठरवतील.

मी विचारलं, गुठळी त्या कॅप्सूलमुळेच झाली का? बाई म्हणाल्या, तसं छातीठोक सांगता येणार नाही.

भिंगवाला (शुक्रवार, रात्री १०:२०)

त्यांनी बरोबर सांगितलं. योग्य पातळीवर एव्हरोलिमस घेणाऱ्यालाही गुठळी होऊ शकते. इथे पातळी दुप्पट, त्यात स्टेरॉइड, त्यात गाडीत झोपून दहा तास. कुणाचा वाटा किती ते मला पट्टीवर दिसत नाही. पुंजके निघाले याचा मात्र फार आनंद झाला, हे जरा विचित्र वाटेल. दादांच्या फाइलवर पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा: प्लेटलेट निळ्या नळीत मोजाव्यात. नाहीतर दर वेळी कुणीतरी घाबरेल.

संत्रानगरी (शुक्रवार, रात्री १०:३१)

सुटलो. आणि ताई, तुम्ही पहाऱ्यात कमी पडलात असं मनात आणू नका. मी स्वतः रुग्ण असून तीन वर्षं बायकोपासून तपकीर लपवली होती.

मिरजेचा_केमिस्ट (शनिवार, सकाळी ८:०५)

मलम कुठलं दिलंय ते एकदा कळवा. टॅक्रोलिमसचा ब्रँडही बदलू देऊ नका. दुकानदार 'तेच आहे' म्हणाला तरी नाही. बदलायचाच झाला तर टीमला सांगून, आणि पातळी पुन्हा तपासून. आमच्या धंद्यातले लोक रागावतील, रागावू देत.

रानजाई (शनिवार, सकाळी ९:४०)

आई कशा आहेत?

गोदाकाठची (शनिवार, सकाळी १०:१२)

काका, मलम क्लोट्रिमॅझोलचं. ब्रँड नाही बदलत.

आई ठीक. तिला आता गुठळी, नायटा आणि पपनस एवढं कळलंय. परसातल्या पपनसाच्या झाडाकडे ती कालपासून वैऱ्यासारखं बघतेय.

दादाने काल रात्री हा अख्खा धागा वाचला. दोन तास काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाकी सगळं ठीक, पण मांडीचा सांधा लिहायची काय गरज होती?"

संत्रानगरी (शनिवार, सकाळी १०:१५)

दादाला म्हणावं आयडी काढ. तपकीरवाला वाट बघतोय.